क्रूस शेवटी

"तुम्ही माझ्या आईला फसवलंत. भरल्या मंडळीसमोर, हातात शास्त्र धरून, मध चाटवल्यासारख्या आवाजात फसवलंत. पोरगा वाचेल की नाही हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. मग 'ठाऊक नाही' म्हणायला तुमची जीभ झिजली असती? 'घरातला एकही जण डळमळला नाही तर तो उठेल,' म्हणालात. तो उठला नाही. तेव्हा मातीच्या ढिगाशेजारी उभे राहून काय म्हणालात? 'कुठेतरी विश्वास कमी पडला.' कुठेतरी! हात वर करून, आमेन म्हणून तुम्ही गाडीत बसलात, आणि ते 'कुठेतरी' आमच्या घरात सोडून गेलात. साप सोडावा तसं."

एवढं बोलून ताईने ब्रश बादलीत बुडवला.

समोर साहेब नव्हतेच. समोर डावऱ्याचा दगड होता. दोन लाकडी घोड्यांवर आडवा टाकलेला, उभा केला तर छातीला लागेल एवढा, करडा. डावऱ्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याला जाऊन सव्वा महिना होत आला होता आणि आज दुपारी त्याच्या डोक्याशी हा दगड बसायचा होता. साहेबांना तोंडावर ऐकवायचं भाषण ताई रोज दगडांना ऐकवत होती. तोंडावर कधी ऐकवलं नव्हतं, आणि ऐकवेल अशी तिची तिला खात्री नव्हती. मोठे साहेब सगळ्या मंडळ्यांचे प्रमुख. त्यांच्यासमोर लोक उभे राहिले की आपसूक हात पोटाशी बांधतात. ताईचेही बांधले जायचे.

रविवार असल्यामुळे करवत बंद होती. ती बंद असली की कारखाना कारखाना वाटत नसे. पत्र्याच्या छपराखाली नुसते दगड, कोणी पाठ करून उभा, कोणी भिंतीला टेकलेला. थडग्यांचे दगड घडवायचा हा धंदा आजोबांनी सुरू केला. "आपल्या धंद्याचं एक बरं असतं," ते म्हणायचे, "गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही." आजोबांनी दोन नेम घालून दिले होते. रविवारी करवत लावायची नाही. आणि दगडावर क्रूस शेवटी कोरायचा. आधी नाव, मग तारखा, मग क्रूस. का, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "माणूस दमतो तेव्हा काय उरतं ते तिथे दिसतं."

फाटकाशी टेम्पो थांबला. मधला उतरला. ताई आणि डावऱ्या यांच्यामधला म्हणून तो मधला. आता खाली कोणी उरलं नव्हतं तरी मधलाच.

"कोणाशी बोलत होतीस?"

"साहेबांशी."

"ऐकलं का त्यांनी?"

"ह्या दगडाइतकंच."

तो हसला नाही. टेम्पोतून दोरखंड आणि पहार काढून त्याने खाली टाकली. "चारला आहे ना तमाशा?"

"तमाशा म्हणू नकोस. प्रार्थना आहे."

"बाबांना खुर्च्यांच्या मधोमध उभं करायचं, 'माझ्या अविश्वासामुळे माझा पोरगा मेला' असं त्यांच्याकडून वदवून घ्यायचं, आणि मग दगडावर तेल लावायचं. ह्याला प्रार्थना म्हणतात होय? मी बरेच दिवस आलो नाही, शब्दांचे अर्थ बदललेले दिसतात."

"आला असतास तर कळलं असतं."

"आलो होतो की. पोरगा आजारी होता तेव्हा सगळे रविवार आलो. आईच्या शेजारी बसलो. मॅच होती तरी बसलो. मोबाइल खिशातून काढला एकदा, फक्त स्कोअर बघायला. तेवढ्यावरून आईने पहिला खटला माझ्यावर भरला."

हे खरं होतं. दफनविधीवरून परत आल्यावर आईने चपला काढायच्या आधीच शोध सुरू केला होता. घरात एकजण डळमळला होता. कोण? पहिल्यांदा मधला सापडला: रविवारचं भाडं सोडत नाही, प्रार्थनेत मोबाइल बघतो. मग धाकटी, डावऱ्याची बायको: ती त्याला दवाखान्यातून दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली, म्हणजे तिला देव पुरेसा वाटला नाही. मग ताईसुद्धा: ती शेवटच्या बाकावर बसते आणि गाण्यात नुसते ओठ हलवते. आई वाईट बाई नव्हती. चाळीस वर्षं तिने ह्या घराला एकत्र बांधून ठेवलं होतं. पण ज्याच्या हातात हातोडा दिला त्याला सगळीकडे खिळेच दिसतात, आणि हा हातोडा तिच्या हातात साहेबांनी दिला होता.

आणि मग तिला खरा गुन्हेगार सापडला.

जुनी गोणपाटं घ्यायला ती कारखान्यात आली होती. कोपऱ्यात, भिंतीला टेकून एक दगड उभा होता, वर पोतं. पोतं ओढलं तशी दगडाची एक बाजू उघडी पडली. डावऱ्याचं नाव. नावावरून गंजाचा तपकिरी ओघळ खाली गेलेला. दुसरी कोणी असती तर तिला फक्त डाग दिसला असता. आई दगडवाल्याच्या घरात नांदलेली. ओघळ अक्षरांच्या आत उतरला होता. म्हणजे अक्षरं आधी, गळती नंतर. आणि त्या कोपऱ्यावरची करवतीच्या पाण्याची गळकी लोखंडी नळी मधल्याने बदलली तेव्हा डावऱ्या दवाखान्यात होता. जिवंत होता. आईचा उपास चालू होता.

ती तशीच स्वयंपाकघरात गेली. बाबा चहा पीत होते.

"माझं लेकरू श्वास घेत होतं, आणि तुम्ही त्याचा दगड कोरलात?"

बाबांनी कप खाली ठेवला. नाही म्हणाले नाहीत. त्याच संध्याकाळी आई पिशवी भरून काकांच्या घरी राहायला गेली. काका मंडळीचे पंच. त्यांनी ती गोष्ट साहेबांच्या कानावर घातली, आणि साहेबांनी निकाल दिला: मिस्त्रींनी चारचौघांत मन मोकळं करावं, मग दगड बसेल, मग बाई घरी येतील. बाबा हो म्हणाले. एका शब्दात.

"तुला खरं वाटतं?" मधल्याने विचारलं. "बाबांनी असं केलं असेल?"

"तेच तर कळत नाही. विचारलं की उठून जातात."

"मला राग येत नाही गं त्यांचा. माणूस घाबरला की हाताला येतं ते काम करतो. मी नाही का, तो आत तडफडत होता आणि मी बाहेर टेम्पोचं इंजिन उघडून बसलो होतो. पण आई..." तो थांबला. "आई त्यांच्याशी पुन्हा बोलेल, असं वाटतं तुला? आज त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केल्यावर?"

ताईलाही तेच भय होतं. कबुलीने दार उघडेल असं काका म्हणत होते. ताईला वाटत होतं, कबुलीने दाराला बाहेरून कुलूप लागेल. मुलाला मारणाऱ्या माणसाच्या ताटात आई पुन्हा कसं वाढेल?

तिने गंजावरून ब्रश फिरवला, फडक्याने पाणी टिपलं. अक्षरांत काळा रंग भरायचं काम नेहमी तिचं. पण ह्या दगडाला बाबांनी आजवर कोणाला हात लावू दिला नव्हता. आज सकाळी त्यांनी रंगाचा डबा उघडला, आणि तो तिच्याकडे सरकवून ते घरात निघून गेले होते.

रंग भरायच्या आधी ती अक्षरातून बोट फिरवायची. धूळ राहिली असेल तर कळते. तिने पहिल्या अक्षरात बोट घातलं, आणि ते अडलं.

तिने डोळे मिटले. पुन्हा फिरवलं.

बाबांचं अक्षर ती झोपेत ओळखेल. डावी कड घोटीव, उजवी किंचित खरबरीत, कारण घाव उजव्या हाताने पडतो. खाली मृत्यूची तारीख होती. तिथे बोट घातलं तर ते बाबाच होते. पण वर, नावात, सगळं उलटं होतं. उजवी कड गुळगुळीत, डावी खरबरीत. आणि नाव उथळ होतं. नखाएवढंही खोल नव्हतं, काही ठिकाणी घाव घसरलेला.

"काय झालं?" मधला म्हणाला.

"हात आण."

"कशाला?"

"आण म्हणते ना."

मधला पेशाने ड्रायव्हर, पण वाढला ह्याच छपराखाली. त्याने बोट फिरवलं. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग त्याने हात असा मागे घेतला, जणू दगड तापलेला होता.

"हे बाबांचं नाही," तो म्हणाला.

ताई घराकडे धावली नाही. चालत गेली, ब्रश हातातच होता, पायऱ्यांवर पाणी ठिबकत होतं. स्वयंपाकघरात धाकटी बाबांच्या शर्टाला इस्त्री करत होती. बाबा बनियनवर खुर्चीत बसले होते, हजेरीला बोलावलेल्या पोरासारखे.

"बाबा, नाव त्याने स्वतः कोरलंय."

इस्त्री थांबली. बाबांनी आधी धाकटीकडे पाहिलं. त्या नजरेवरून ताईला कळलं की हे दोघांचं गुपित होतं. आपल्याला, थोरल्या लेकीला, ज्या कारखान्यात आपण रोज राबतो तिथलं ठाऊक नव्हतं, आणि काल-परवा घरात आलेल्या सुनेला ठाऊक होतं. तिला राग आला. मग रागाचीच लाज वाटली.

"शर्ट जळेल," बाबा म्हणाले.

धाकटीने इस्त्री उभी केली. "ताई, मी सांगणार होते. ह्यांनी जायच्या आधी शपथ घातली होती."

"कधी कोरलं?"

"मधे दवाखान्यातून घरी सोडलं होतं ना, तेव्हा. दुपारी आई साहेबांच्या प्रार्थनेला जायच्या, तुम्ही दगड पोचवायला बाहेर असायचात. मी धरून न्यायचे. स्टुलावर बसायचे ते. नाव लगेच झालं. क्रूसाला मात्र किती दुपारी गेल्या कोण जाणे. चार घाव घालायचे आणि थांबायचे. मी म्हणायचे, पुरे आता, दिसतोय की. तर म्हणायचे, दिसायला नको, टिकायला हवा." ती रडली नाही. रडून झालेल्या माणसाचा चेहरा होता तो. "एकदा मी चिडले. म्हटलं, तिकडे आई तुमच्यासाठी उपाशी आहेत आणि तुम्ही इथे स्वतःचं थडगं घडवताय, तुमचा देवावर विश्वास तरी आहे का? तर म्हणाले, आईला वाटतं मी जगणार. मला वाटतं मी मरणार. देव दोघांचा एकच आहे, तो बघून घेईल."

ताई टेबलाला धरून उभी राहिली. "मग बाबा, आईने विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"काय सांगू?" बाबा पहिल्यांदा तिच्याकडे पाहून बोलले. "तिला साहेबांनी काय शिकवलंय, तुला माहीत आहे. ज्याचा विश्वास कमी पडला त्याच्यामुळे पोर गेलं. आता तिला सांगू, की बाई, तुझ्या पोराचाच कमी पडला? तो स्वतःच हात टेकून बसला होता, म्हणून मेला? कुठे जाईल ती मग? माझ्यावर रागावली तर तिला काकांचं घर आहे. त्याच्यावर रागावली तर?" त्यांनी हात पुढे केला. "शर्ट दे पोरी."

"आणि तुम्ही तिथे उभं राहून खोटं बोलणार? देवासमोर?"

"देवाला माहीत आहे."

"मंडळीला नाही ना! आणि साहेब काय करतील? पुढच्या घरी जाऊन सांगतील, बघा, ह्या मिस्त्रीचं उदाहरण बघा. बाबा, तुम्ही त्यांचं खोटं खरं करून देताय."

बाबांनी शर्ट घातला. बटणं लावता येईनात. धाकटीने लावून दिली, गळ्यापासून खाली. "मला साहेबांचं काही पडलेलं नाही," ते म्हणाले. "तुझ्या आईने देवाचा हात सोडू नये, एवढंच बघायचंय मला. माझा सोडला तरी चालेल. तू कोणाला सांगायचं नाहीस. त्याने मला सांगितलं होतं, बाबा, आईची प्रार्थना मोडू नका. मी मोडलेली नाही. तूही मोडू नकोस."

ताई पुन्हा छपराखाली आली. मधला पायरीवर बसला होता, तळहात मांडीवर उताणे. तिने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग आता?" ती म्हणाली, "बाबांनी शब्द घेतलाय." तो म्हणाला, "दिलास?" तिला आठवेना. ती हो म्हणाली नव्हती. नाहीही म्हणाली नव्हती.

डावऱ्या गेल्यापासून तिचं एक झालं होतं. सकाळी चहासमोर डोळे मिटायचे, "प्रभू" म्हणायचं, आणि पुढे काही यायचं नाही. गिऱ्हाईक यायचं, फोन वाजायचा, करवतीचं पातं बदलायचं असायचं. दिवस त्या एका शब्दावरून घसरत पुढे जायचा. आत्ताही तिने दगडाशी उभं राहून डोळे मिटले. प्रभू. पुढे काही आलं नाही. रंगाच्या डब्याला झाकण लावून तिने तो घोड्याखाली सरकवला. अक्षरं रिकामीच ठेवली.

चारच्या सुमाराला माणसं जमली. फार नव्हती, घरचीच आणि पंच मंडळी. मधल्याने खुर्च्या मांडल्या. काका आले, त्यांच्यामागे आई. आई सुकली होती. ती बाबांपासून सर्वांत लांबच्या खुर्चीवर बसली आणि तिने पदर तोंडाशी धरला, वास येत असल्यासारखा. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने दगडाकडे पाहिलं नाही.

साहेब शेवटी आले. ताईला वाटायचं, एवढ्या शिव्या दिलेला माणूस दिसायलाही तसाच असेल. पण ते नेहमीसारखेच होते, थोडे वाकलेले, कपाळावर घाम. त्यांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. दवाखान्यातही ते असेच यायचे, डावऱ्याचे पाय चेपत बसायचे. तेच तर वाईट होतं. माणूस नुसता लुच्चा असता तर सोपं गेलं असतं.

"भावांनो आणि बहिणींनो," ते म्हणाले, "आपण दोष द्यायला जमलेलो नाही. आपण बरे व्हायला जमलो आहोत. मिस्त्री, या. घाबरू नका."

बाबा उठले. इस्त्रीचा शर्ट, पायात कारखान्याच्या धुळकट चपला. ते दगडाशेजारी उभे राहिले आणि त्यांनी हात पोटाशी बांधले.

"मी..." ते म्हणाले.

"माझा पोरगा आजारी होता. सगळे विश्वास धरून होते. त्याची आई उपास करत होती. मी... माझ्या मनात..." आयुष्यात त्यांनी खोटं बोलायचा सराव केला नव्हता. "मी हा दगड..."

"थांबा बाबा," ताई म्हणाली.

तिला वाटलं होतं, ते पाठ केलेलं भाषण येईल. मध चाटवण्यापासून सापापर्यंत सगळं. एक शब्द आला नाही. ती साहेबांकडे वळलीच नाही. ती खुर्च्यांच्या मधून आईकडे गेली.

"आई, ऊठ."

"मला नाही यायचं तिकडे."

"ऊठ. हात दे."

"हे काय मधेच?" काका म्हणाले. "दादा बोलतोय, त्याला बोलू दे. ताई, खाली बस."

"काका, तुम्हीच बसा," मधला म्हणाला. "खुर्च्या घरच्याच आहेत, भाडं लागत नाही."

"पोरी," बाबांनी हाक मारली. फक्त एवढंच. त्या हाकेत जी विनवणी होती ती ताईला पुढे कितीतरी वर्षं ऐकू येणार होती. तिने मान वळवली नाही. आईचं मनगट धरून तिने तिला जवळजवळ ओढतच दगडापाशी आणलं, आणि तिचं बोट पहिल्या अक्षरात ठेवलं.

"सोड. मला माहीत आहे काय आहे ते. मी बघितलंय."

"तू गंज बघितलास. हात बघितला नाहीस."

आईने बोट काढून घेतलं नाही. अर्ध्या अक्षरात ते थांबलं. मग हळूहळू पुढे गेलं. मग दुसऱ्या अक्षरात. लहानपणी डावऱ्या डाव्या हातात हातोडी धरायला लागला तेव्हा आजोबांनी तो हात त्याच्या कमरेला बांधून ठेवला होता. आईने सासऱ्यासमोर येऊन ती गाठ सोडली होती. "देवाने दिलाय तो हात," म्हणाली होती. घरची सून, सासऱ्यासमोर. त्या हाताने पाडलेली पहिली वाकडी रेघ तिने पाहिली होती. ही शेवटची होती.

"हे ह्यांचं नाही," आई म्हणाली. मग तिने बाबांकडे पाहिलं. कित्येक दिवसांनी पाहिलं. "तुम्ही का नाही बोललात?"

बाबांनी मान खाली घातली.

"कोण होतं त्याच्याजवळ?"

"मी होते, आई," धाकटी म्हणाली. "दगडावर पाणी मी ओतत होते."

"कधी?"

"तुम्ही प्रार्थनेला जायचात तेव्हा."

आईने एक आवाज केला. रडण्याचा नव्हता. जड दगड उचलताना माणसाच्या छातीतून निघतो तसा. "मी तिकडे गुडघे टेकून होते. त्याच्यासाठीच टेकून होते. आणि तो इथे एकटा..."

"एकटे नव्हते, आई."

आणि मग काकांनी, ज्यांना आयुष्यात गप्प बसणं कधी जमलं नाही, ते वाक्य बोलून टाकलं. हळू, स्वतःशी बोलल्यासारखं. पण पत्र्याच्या छपराखाली सगळं ऐकू जातं.

"म्हणजे... त्या पोराचाच विश्वास..."

बाबांनी डोळे मिटले. ह्याच घावासमोर ते इतके दिवस आडवे उभे होते. ताईने हे केलं होतं. तिने बाबांना बाजूला ढकललं होतं आणि आता आई उघड्यावर उभी होती, आणि काही चुकलं तर ह्या घराचं जे काही उरलंसुरलं होतं तेही आता जाणार होतं. प्रभू, ती मनात म्हणाली. ह्या वेळी पुढचे शब्द आले. प्रभू, तिला धर. बाकी कोणाला नको, तिला.

साहेब पुढे आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "बाई," ते म्हणाले, "देवाचे मार्ग आपल्याला... आपण सगळे मिळून प्रार्थना करू. मुलाच्या आत्म्यासाठी नव्हे, आपल्या समाधानासाठी. झालं ते झालं. आता त्यावर..."

आई ऐकत नव्हती. तिचं बोट नावावरून तारखांवर गेलं, तारखांवरून वर, क्रूसाकडे. नाव उथळ होतं, हे तिला कळलं होतं. दमत गेलेल्या हाताचं. ह्या घराच्या नेमाप्रमाणे क्रूस त्याच्याही नंतरचा. तिथे काहीच नसायला हवं होतं. नुसता ओरखडा.

तिचं बोट क्रूसात गेलं. गेलं, आणि आणखी आत गेलं. पेरभर आत. कडा साफ, तळ सरळ. तिने एक आडवी फांदी टोकापर्यंत चाचपली, मग दुसरी, मग उभी रेघ, वरून खाली. सगळीकडे तेवढंच खोल. कुठे घाव घसरला नव्हता.

कारखान्याबाहेर रस्त्यावर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती. घरघरायची आणि बंद पडायची.

"साहेब," आई म्हणाली. "इकडे या."

ते आले. हात पोटाशी बांधलेले. आज पहिल्यांदा ताईने त्यांना तसं उभं राहिलेलं पाहिलं.

"बोट घाला."

"बाई, मी काय..."

आईने त्यांचं मनगट धरलं. काका खुर्चीवरून अर्धे उठले आणि मधल्याकडे बघून पुन्हा बसले. आईने साहेबांचं बोट क्रूसात घातलं आणि वरून स्वतःच्या हाताने दाबून धरलं.

"हे त्याने मरायच्या आधी कोरलंय. आपण मरणार हे माहीत असताना कोरलंय. हातात भाकरी मोडायचं बळ नव्हतं तेव्हा कोरलंय. माझ्या घरात मी शोधत फिरले, साहेब. ह्या पोराला बोलले. त्या पोरीला बोलले, नवरा गेलेल्या पोरीला. चाळीस वर्षं सोबत काढलेल्या माणसाचं घर सोडून गेले. तुम्ही म्हणालात म्हणून." तिचा आवाज चढला नाही. "आता तुमचं बोट तिथे आहे. खालपर्यंत लागतंय का बघा. नीट बघा, मला घाई नाही. आणि मग ह्या सगळ्यांसमोर सांगा."

साहेबांचे ओठ हलले.

"मोठ्याने," आई म्हणाली. "कुठे कमी पडला? सांगा."